अपील कोणाचे?

जुम्म्याची नमाज आटोपून मी घरी आलो, तर ओसरीवर एक गृहस्थ बसलेले. पन्नाशी ओलांडलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत निकालपत्राची जाड नक्कल. ते कुरुंद्याचे नव्हेत. कुठले ते सांगत नाही, सालही सांगत नाही, कारण या गोष्टीत दोन घरे आहेत आणि दोन्ही घरांना अजून गावात तोंड दाखवायचे आहे.

त्यांच्या मुलाला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली होती. पिकअप चालवायचा. हंगामाच्या दिवसांत रात्री दारू पिऊन गाडी घेऊन निघाला आणि रस्त्याच्या कडेला कोपी टाकून झोपलेल्या ऊसतोड टोळीवर गाडी गेली. एक बाई जागीच गेली. तिच्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ही माणसे दुसऱ्या जिल्ह्यातली, उचल घेऊन आलेली. आपल्या भागात पूर्णेच्या कालव्यावरचा ऊस उभा राहतो तो अशाच माणसांच्या कोयत्याने पडतो. टोकाई कारखान्याच्या वाटेवर त्यांच्या कोप्या पाहिल्या नाहीत असा माणूस कुरुंद्यात सापडायचा नाही.

गृहस्थ दोन गोष्टी मागायला आले होते. औरंगाबाद खंडपीठात अपील करायचे आहे, वकिलाच्या फीसाठी काही मदत जमवून द्या, ही पहिली. दुसरी म्हणजे चळवळीच्या नावाने एक पत्र: मुलगा शरीफ आहे, दीनदार घरातला आहे, दारूला शिवत नाही. "भाई, उसकी अम्मी रोज बोलती, मेरा बच्चा पीताच नै," ते म्हणाले आणि नजर खाली घातली.

पहिली गोष्ट मी केली. दुसरी केली नाही. त्यावरून मोहल्ल्यात बोलणी झाली, आमच्या कार्यकर्त्यांतही झाली. एका बाजूचे म्हणाले, बाईचा जीव घेतलेल्या दारुड्याच्या अपिलाला चळवळीने हात का लावावा? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, लावलाच होता तर एका पत्राने तुमचे काय जात होते? म्हणून हे संपादकीय.

अपील म्हणजे पळवाट असा एक समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. खालच्या न्यायालयात एक न्यायाधीश पुरावा ऐकतो, साक्षीदार पाहतो आणि निर्णय देतो. तोही माणूस आहे. त्याचा निर्णय वरच्या न्यायालयाने एकदा तपासावा, ही तुरुंगात जाणाऱ्या माणसाची शेवटची ढाल आहे. आपल्या समाजातल्या किती पोरांची नावे खालच्या न्यायालयात गुन्हेगार म्हणून लिहिली गेली आणि वर जाऊन पुसली गेली, हे या मासिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. त्या पोरांसाठी आपण अपिलाचा हक्क मागितला. मग जो पोरगा आपल्याला आवडत नाही, ज्याच्या कृत्याने मान खाली जाते, त्याच्यासाठी तो हक्क नाकारायचा, हे कसे चालेल? सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस असतात, दंडाधिकाऱ्याने दिली तर सत्र न्यायालयात जायला तीस. गरिबाचे ते दिवस नक्कल मिळवण्यात आणि पैसे गोळा करण्यातच सरतात. उशीर माफ होऊ शकतो, पण तोवर पोरगा आत असतो. मी चार लोकांना फोन केले ते एवढ्यासाठी.

मे २०१५ मधला एक दिवस मला आठवतो. वसमतला एका चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर उभी राहायलाही जागा नव्हती. ६ मे रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्याला दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला. ८ मे रोजी शिक्षा स्थगित झाली. हॉटेलात टाळ्या पडल्या. "भाई सुटला," कोणीतरी ओरडले. माझ्या शेजारी एक बेकरी कामगार बसलेला होता, तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याने मला एवढेच विचारले की मेला कोण होता? मला नाव सांगता आले नाही. मी तेव्हाही लिहीत होतो, रोजचे वर्तमानपत्र वाचत होतो, तरी नाही.

त्याचे नाव नुरुल्ला शरीफ. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात हिल रोडजवळ बेकरीपुढे जी माणसे झोपली होती त्यांच्यावर लँड क्रूझर चढली. तो गेला, चौघे जखमी झाले. भाईजान म्हणून ज्याचे पोस्टर आपल्या पोरांच्या दुकानात लागते तो आणि गाडीखाली सापडलेला हा मजूर, दोघेही 'आपलेच' होते. टाळ्या एकालाच मिळाल्या. माझी खंत एवढीच आहे, निकालाशी तिचा संबंध नाही.

निकालाबद्दल मात्र नीट बोलले पाहिजे, कारण त्यावर दोन्हीकडून वाटेल ते बोलले जाते. १० डिसेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती ए. आर. जोशी यांनी सलमानचे अपील मंजूर केले आणि त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. 'पैशाने न्याय विकत घेतला' असे म्हणणे सोपे आहे. पण अपिलात काय तपासले गेले ते पाहा. गाडी कोण चालवत होता आणि तो प्यायलेला होता का, हे दोन्ही वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुख्य साक्षीदार होता अंगरक्षक पोलीस शिपाई रवींद्र पाटील. पहिल्या फिर्यादीत त्याने दारूचा उल्लेख केला नव्हता, तो काही दिवसांनी दंडाधिकाऱ्यासमोर दिलेल्या जबाबात आला. त्याची साक्ष दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात नोंदवली गेली तेव्हा आरोप निष्काळजीपणाचा, म्हणजे कलम ३०४-अ चा होता. पुढे आरोप वाढून ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध झाला आणि खटला सत्र न्यायालयात नव्याने चालला. तोपर्यंत पाटील या जगात नव्हता, २००७ मध्येच तो वारला होता. नव्या आरोपावर त्याची उलटतपासणी होऊच शकली नाही. उच्च न्यायालयाने त्याची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह मानली नाही. गाडीत असलेला गायक कमाल खान याला सरकार पक्षाने साक्षीदार म्हणून आणलेच नाही. रक्ताचा नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच्या साखळीवरही प्रश्न उभे राहिले. राज्य सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

अपघात २००२ चा, पहिला निकाल २०१५ चा. तेरा वर्षे. या तेरा वर्षांत कलम बदलले, न्यायालय बदलले, साक्षीदार मेला. अपिलात निघालेली बहुतेक भोके ही अपिलाच्या आधीच, काही तर पहिल्या आठवड्यातच पडलेली होती. ती ज्यांनी पडू दिली त्यांच्यावर राग काढायचा सोडून आपण अपिलावर काढतो.

याच वांद्र्यातली दुसरी घटना आहे, तिच्याबद्दल हॉटेलात कोणी बोलत नाही, कारण तिच्यात नट नाही. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, पावणेचार ते चारची वेळ. कार्टर रोडच्या दुरुस्तीवर लावलेले मजूर पदपथावरच्या कोप्यांपुढे झोपलेले होते. ॲलिस्टर परेरा याची कोरोला पदपथावर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के निघाले. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची आहे, इथे ते एकशे बारा होते. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फक्त निष्काळजीपणासाठी दोषी धरले आणि सहा महिने साधी कैद दिली. सात जिवांना सहा महिने. मुंबईत संताप उसळला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २००७ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या आरोपातली त्याची सुटका रद्द करून तीन वर्षे सक्तमजुरी सुनावली.

मग अपील करण्याची पाळी परेराची. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या वकिलांनी जे मांडायचे ते सगळे मांडले: आरोपपत्रात दारूचा मुद्दा नीट नव्हता, ज्ञानपूर्वक कृत्य आणि निष्काळजीपणा हे दोन आरोप एकत्र नांदू शकत नाहीत, आरोपीला जबाबाच्या वेळी प्यायल्याबद्दल सरळ विचारलेच नाही. १२ जानेवारी २०१२ रोजी न्या. आर. एम. लोढा आणि न्या. जे. एस. खेहर यांनी एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले आणि अपील फेटाळले. दारू पिऊन, माणसे झोपली आहेत हे माहीत असताना गाडी हाकणाऱ्याला परिणामाचे ज्ञान होते असे धरता येते, हा आज देशभर दाखवला जाणारा दाखला त्या निकालातला आहे. म्हणजे आरोपीने केलेल्या अपिलातूनच मेलेल्यांच्या बाजूचा कायदा पक्का झाला. अपिलाला पळवाट म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि माझे सगळे बोलणे तिच्याभोवती आहे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तीन वर्षांची शिक्षा फार तोकडी आहे, पण ती वाढवावी म्हणून राज्य सरकारने अपीलच केलेले नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. सात मजूर मेले होते. त्यांच्या वतीने दार ठोठावायचे काम सरकारचे होते. सरकारने ठोठावले नाही आणि मजुरांच्या घरच्यांना ते ठोठावता येत नव्हते.

शिक्षा कमी वाटते म्हणून मृताच्या घरच्यांना आजही अपील करता येत नाही, ते सरकारच्याच हातात आहे. बाकी दारे मात्र उघडली आहेत आणि ती आपल्याला ठाऊक नाहीत. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला जोड मिळाली, आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. आरोपी सुटला, किंवा मोठ्या आरोपाऐवजी लहान आरोपात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. 'पीडित' या शब्दात मेलेल्याचे वारसही येतात. २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुटकेविरुद्धच्या अशा अपिलासाठी पीडिताने वेगळी परवानगी मागायची गरज नाही. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात, तिथेही माणसांवर गाडी गेली होती, याच न्यायालयाने म्हटले की तपासापासून अपील संपेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकले जाण्याचा हक्क आहे.

हे सगळे मी त्या गृहस्थांच्या पिशवीतले निकालपत्र वाचताना आठवत होतो. मग विचारले, "चाचा, ज्या माणसाचा पाय गेला, त्याला ठाऊक आहे का तुम्ही वर चाललात ते?" ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हा प्रश्नच कधी सुचला नव्हता. दोष त्यांना कसा द्यावा? तो मलाही तोवर कुठे सुचला होता.

मुकादमाचा नंबर शोधायला चार दिवस लागले. पाय गेलेला तो माणूस फोनवर आला. शिक्षा झाली तेव्हा कोणीतरी त्याला कळवले होते, "लागला निकाल, मिळाला न्याय." त्यापुढे काही असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आरोपीला वर जामीन मिळू शकतो, शिक्षा कमी होऊ शकते, तो सुटूही शकतो, हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मग आम्ही कशाला आलो होतो साक्षीला?" दोन वेळा मजुरी बुडवून, कुबडीवर, रात्रीच्या एसटीने तो आला होता.

मी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, फुकट वकील मिळू शकतो. अपिलात सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो. मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा वेगळा असतो. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला म्हणून तो आपोआप बुडत नाही, कारण तिथे पुराव्याची पट्टी तितकी कडक नसते. कायद्यात त्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून चालढकल करायची नसते. त्याने दावा केला होता, तेवढे एक बरे झाले होते. बायकोच्या मरणाचा केला होता. स्वतःच्या पायाचा कोणी करवून घेतलाच नव्हता.

आता पत्राविषयी.

निकालपत्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल होता आणि प्रयोगशाळेचा अहवाल होता. पोरगा प्यायलेला होता. घरच्यांनाही ते ठाऊक होते. तरी 'पीताच नै' हे वाक्य घरात रोज बोलले जात होते आणि ते मला पत्रात हवे होते. आपल्याकडे दारू हराम आहे, हे सांगायला आलिम लागत नाही. पण त्या हराम शब्दाच्या आडोशाला आपण एक वेगळाच धंदा चालवतो: जे हराम आहे ते आपल्या घरात नाहीच, असे धरून चालायचे. म्हणून व्यसन सोडवायला कोणी पोराला नेत नाही, कारण नेले तर मान्य केल्यासारखे होते. त्याच्या हातातली किल्ली कोणी काढून घेत नाही, कारण काढली तर शेजाऱ्याला कळते. ज्या मोहल्ल्यात दारूविरुद्ध तासभर तकरीर होते, तिथल्याच गल्लीतून पोरगा झिंगून गाडी काढतो आणि दहा घरे खिडकीतून पाहतात. त्या रात्रीही पाहिले होते. गृहस्थांनी स्वतःच बोलता बोलता सांगितले की पोरगा निघाला तेव्हा चुलत्याने "अब मत जा" म्हटले होते. म्हटले, एवढेच.

पत्र न देण्याला वकिलाच्या चष्म्यातूनही कारण आहे. अपील हे नोंदीवर चालते. खालच्या न्यायालयात जो पुरावा आला, त्यावर वाद होतो. तिथे चारित्र्याचे पत्र कामाचे नाही, आणि अहवालाविरुद्ध जाणारे पत्र तर उलट वकिलाच्या अंगावर यायचे. खरे मुद्दे असतील तर ते मांडावेत: रक्त केव्हा घेतले, सील कोणी लावले, पंच कोण होते, कलम योग्य लागले का, शिक्षा जास्त आहे का. पहिलाच गुन्हा आहे, वय कमी आहे, हेही मांडावे. मुलगा आजवर मृताच्या घरी गेला नाही, हेही खरे आहे. ते कोणी विचारले तर काय सांगणार, हे वकिलाने त्यांना विचारलेच.

आपल्या हातात जे आहे ते त्या पहिल्या रात्रीचे आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असे मोटार वाहन कायदा सांगतो. खेड्यात अपघात झाला की हे दोन तास कसे जातात, ते आपण पाहिले आहे. गर्दी जमते, ड्रायव्हरला मारते किंवा पळवून लावते, नातेवाईक पोचतात, पुढारी पोचतो, 'मिटवून घ्या' सुरू होते. पंच व्हायला कोणी तयार नसतो. मी स्वतः एकदा पंच व्हायचे टाळले आहे, कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून. कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात, मे २०२४ मध्ये, रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. तो खटल्याचा विषय आहे, त्यावर न्यायालय बोलेल. पण पुण्यात जे पैशाने केल्याचा आरोप आहे, ते आपल्याकडे नुसत्या ओळखीवर, "अपना बच्चा है" एवढ्या शब्दावर घडते. त्यातून दोन्ही घरे बुडतात. पुरावा नासला तर दोषी सुटतो, आणि पुरावा नासलेला असताना न्यायाधीशाने रागाने शिक्षा दिली तर निर्दोषही अडकतो.

आमच्या बैठकीत यावर ठराव झाला. मोहल्ल्यातून अपिलासाठी मदत मागितली गेली, तर ती देताना समोरच्या घराला, ते कोणत्याही जातीधर्माचे असो, अपील होत असल्याचे आणि त्यांना फुकट वकील मिळू शकतो हे कळवायचे. दोन कार्यकर्त्यांनी याला विरोध केला. आपल्याच पोराविरुद्ध वकील उभा करायचा का, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा राग मला समजतो. ठराव एका मताने मंजूर झाला.

अपील दाखल झाले. शिक्षा स्थगित होऊन पोरगा जामिनावर बाहेर आहे, सुनावणी कधी होईल ते कोणालाच माहीत नाही. परवा गृहस्थ पुन्हा आले होते. या वेळी पिशवी नव्हती. बसले, पाणी प्याले, बराच वेळ उसाच्या भावावर बोलले. उठता उठता म्हणाले, त्या माणसाचा नंबर द्या. कशाला, मी विचारले. ते म्हणाले, अजून ठरवले नाही, पण असू द्या जवळ. मी आधी त्या माणसाला विचारतो, मग देतो, असे सांगितले.

त्याला फोन केला आहे. तो म्हणाला, विचार करून सांगतो.